डोक्याच्या कामावर एक बिनडोक

मी एक जिवाणू बोलतोय. इतका बारीक, की आजवर माझं कुणी ऐकलं नाही यात नवल ते काय!

माझा जन्म काचेच्या चंबूत, कोमट पोषक पाण्यात झाला. आमच्यात आई कोण नि मावशी कोण हे विचारू नका. तुमची आंघोळ आटपेपर्यंत माझे मधोमध दोन भाग होतात आणि दोघेही 'मी'च असतात. इस्टेट काहीच नाही, म्हणून आम्ही स्वतःचीच वाटणी करून घेतो. भांडणाला जागाच उरत नाही.

आमच्या मूळपुरुषाच्या पोटात एका संशोधक मुलीने फळमाशीचा जनुक घातला. जनुक म्हणजे प्रथिन कसं बनवायचं याची कृती. या जनुकाचं प्रथिन माशीच्या अंड्यात ज्या टोकाला जास्त, तिकडे डोकं. ते नसेल तर बिचाऱ्या अळीला दोन्हीकडे शेपूटच! मुलीकडे अशी अभागी अंडी होती. त्यांच्यात प्रथिन टोचून डोकं येतं का, हे तिला पाहायचं होतं. आणि ते बनवायचं काम कुणाला? मला, ज्याला शेंडा ना बुडखा. अशा नेमणुका माणसांतही होतात म्हणे.

प्रथिन हा लांब दोरा असतो. त्याची नीट घडी पडली तरच ते कामाचं. पण प्रयोगशाळेच्या सरांना दम कुठला!

"अगं, पाहुणे यायचेत. उष्णता वाढव, भराभर होऊ दे."

"सर, घाईत घडी बिघडते."

"तू वाढव तर खरी."

त्या खेपेतल्या माझ्या भाऊबंदांनी उकाड्यात ढीगभर माल काढला. सगळा गुंता, नुसते गोळे. ढीग पाहून सरांनी मुलीची पाठ थोपटली. अंड्यांतल्या अळ्या मात्र दोन शेपट्यांच्याच राहिल्या.

"आता एकच संधी," सर म्हणाले. "नाही जमलं तर हे काम बंद. दुसरा विषय घे."

मी या दुसऱ्या खेपेतला. सरांनी या वेळी स्वतःच्या हाताने उष्णता वाढवली आणि ते घरी गेले. थोड्याच वेळात, चंबू हलवत त्याला ऊब देणाऱ्या यंत्राचा हीटर बंद पडला. चंबू हलत राहिला, पण पाणी गार झालं. मग आम्हीही सावकाश, गप्पा मारत काम केलं.

सकाळी मुलीने गार चंबूला हात लावला आणि एवढ्या गारव्यात काही बनलंच नसेल, असं वाटून तिचे डोळे भरून आले. तरी तिने आमच्यातले थोडे फोडले, प्रथिन वेगळं काढलं, अंड्यांत टोचलं. दुसऱ्या दिवशी ती ओरडतच धावली, "सर! डोकं आलं!"

सरांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं. अळीला पुढे चिमुकलं तोंड फुटलं होतं.

"बघ! मी म्हणत नव्हतो, उष्णता वाढव म्हणून?"

"पण सर, हीटर तर बंद पडला होता. गारव्यामुळेच..."

"बंद पडला होता? मग आधी सांगायचं नाही का! दुरुस्तीवाल्याला बोलाव. आजच्या आज."

उरलेल्यांबरोबर मी सध्या बर्फात बसलोय, फोडायची पाळी यायची वाट पाहत. काम केलेल्यांना फोडायचं, ही इथली रीतच आहे. त्याचं मला वाईट वाटत नाही. माझ्यामुळे एखादी अळी तोंड उघडेल, एवढं पुरे. जीव तुटतो तो त्या मुलीसाठी. तिच्या पुढच्या अंड्यांसाठी नवा चंबू आत्ताच यंत्रात ठेवलाय.

दुरुस्तीवाला निघालाय म्हणे. तो तुमच्या ओळखीचा असेल तर त्याला वाटेत गाठा, घरी न्या, आग्रह करकरून जेवू घाला, मुलाबाळांची चौकशी करा. काहीही करा, पण आज त्याला इकडे फिरकू देऊ नका.