तिसरी जागा

एझ्रा जहाजावरून समुद्रात पडला, त्याला वर्ष होत आलं होतं. देह मिळाला नाही. शोध थांबला, तरी परळच्या चाळीत पेणकरांच्या घरी अजून कोणी दुखवट्याला बसलं नव्हतं.

बेने इस्रायलांत, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांत, रीतच तशी. माती द्यायला देह नसेल, तर घरच्यांनी आशा सोडली त्या दिवसापासून सात दिवस दुखवटा धरायचा. सदऱ्याला चीर द्यायची, जमिनीवर बसायचं, बापाने मुलासाठी कद्दिशची प्रार्थना म्हणायची. एझ्राच्या बापाने, हाईमने, आशा कधीच सोडली होती. आईने, सिपोराने, नाही. तिला टाकून एकट्याने बसायला त्याचं मन होईना.

तिचा सगळा भार पोथीवर होता. लग्न होऊन मूल मोठं झालं तरी सिपोराला अक्षर येत नव्हतं. एझ्राच शाळेतून आला की तिला पाटीवर गिरवायला बसवायचा. "आई, तुझ्या 'क'चं पोट सुटलंय बघ, बाबांसारखं." पुढे हाईमने तिला शास्त्रावरची मराठी टीका वाचायला शिकवली. टीकाकार शब्दाचा अर्थ परस्पर सांगून मोकळा होत नसे. हाच बोल आणखी कुठे आलाय ते सांगे, तिथे जाऊन बघ म्हणे.

"सोयरीक जमवताना चार दारी चौकशी करतात ना, तसं," हाईम म्हणायचा. "सगळी दारं झाल्याशिवाय होकार द्यायचा नाही."

बातमी आली त्या आठवड्यात सिपोराने याकोबाची गोष्ट उघडली. योसेफाला श्वापदाने खाल्लं, असं भावांनी बापाला भासवलं. याकोबाने सांत्वन नाकारलं. आणि पोरगा तर मिसर देशात जिवंत होता. खाली टीप होती: हाच बोल राहेलीच्या रडण्यात पाहा. तिने पाहिलं. याकोबाची बायको राहेलही लेकरांसाठी सांत्वन नाकारते, आणि देव तिला सांगतो, रडू नको, ती परत येतील.

"दोन्हीकडे परत येतात," ती हाईमला म्हणाली. "खरंच गेलेल्या माणसाचं दुःख हळूहळू निवतं. माझं निवत नाही. म्हणजे तो आहे."

तेव्हापासून दर शुक्रवारी संध्याकाळी सब्बाथचा, विसाव्याच्या दिवसाचा, दिवा लावून ती तीन ताटं मांडी.

अशाच एका शुक्रवारी समोरच्या खोलीतली नवी सून वैदेही कोथिंबीर द्यायला आली. "पाहुणे येणारेत का काकी?"

"एझ्रा येईल."

वैदेहीने हाईमकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. ती पाऊल न वाजवता निघून गेली.

"सिपोरा," हाईम म्हणाला, "माझ्या छातीचं तुला माहीत आहे. मी गेलो तर पोरासाठी कद्दिश कोण म्हणणार?"

ती आमटी वाढत राहिली.

"त्या टिपेत या बोलाच्या तीन जागा दिल्यात," तो म्हणाला. "तू दोनच सांगतेस."

"माहीत आहे मला."

तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वाचताना ती तिसरीवर अंगठा ठेवायची.

वाटी ठेवून तिने पोथी घेतली. एझ्राने शिकवलं होतं तसं अक्षराखाली बोट सरकवत वाचू लागली. ते एक स्तोत्र होतं. कोणी एक माणूस हात पसरून बसलाय, त्याचा जीव सांत्वन घेत नाही. पुढे मूल येईल म्हणून ती ओळीमागून ओळ वाचत गेली. मूल आलंच नाही. शेवटाकडे समुद्र आला. देवाची वाट त्या पाण्यातून गेली, आणि पावलं कोणाला दिसली नाहीत.

बोट तिथेच थांबलं.

"इथे कोणी परत येत नाही हो."

"नाही."

दिव्याची वात तडतडली. सब्बाथला दुखवटा धरत नाहीत; तो शनिवारी चांदण्या दिसल्या की संपतो.

"उद्या चांदण्या दिसल्या की बसू," ती म्हणाली. "तुमचा निळा सदरा काढून ठेवते."

मग तिने तिसऱ्या ताटातली सुरमईची तुकडी उचलली, एझ्रासाठी काढायची तसा एकेक काटा काढला आणि ती हाईमच्या ताटात ठेवली.