मागांच्या घरातली हाक

चैत्र आला होता. पिंपळाच्या ताम्रकोमल पालवीतून कोवळं ऊन झिरपत होतं, कडुनिंबाचा शुभ्र मोहर अंगणाअंगणात सडा घालत होता, आणि पंचगंगेवरून येणारा वारा त्या मोहराचा कडुगोड वास दारोदार वाटत चालला होता. कुठंतरी कोकीळ गात होता म्हणे. म्हणे अशासाठी, की या गल्लीत तो कुणाला ऐकू येईल तर शपथ.

कारण ही मागांची गल्ली. खटक्‌-खटक्‌, खटक्‌-खटक्‌. भिंती थरथरतात, फडताळातली भांडी थरथरतात, घागरीतलं पाणीसुद्धा शहारतं. अखंड, अथक, अविश्रांत असा तो लोहनाद! त्यातच जन्मायचं, त्यातच जेवायचं, त्यातच रुसायचं. इथली माणसं बोलत नाहीत, ओरडतात. 'जेवलीस का गं?' हेही असं विचारतात की पाहुण्याला वाटावं, आता डोकी फुटणार.

आप्पांच्या घरात रेवती सून म्हणून आली ती नदीपलीकडच्या ऊसमळ्यातून, मृदुभाषिणी, लज्जानता. पहिलं वर्षभर तिचा शब्द कुणाच्या कानापर्यंत पोचलाच नाही. ती विचारी, भाकरी वाढू का. आणि आप्पा बिचारे अर्धपोटी उठत. मग हळूहळू गळा सुटला. लेक झाली तोवर रेवती अशी तयार झाली होती, की अंगाईसुद्धा वरच्या पट्टीत म्हणायची आणि माजघरातून नवऱ्याला मागावर हाक पोचवायची. सासर अंगी लागलं म्हणतात ते हेच.

आणि लेक तरी कशी! काजळभरल्या डोळ्यांची, दुधाळ गालांची, हसली की हनुवटीवर खळी पडणारी. आश्विनात आली, मार्गशीर्षात गोधडीवर मान धरू लागली, पौषात पालथी पडली, फाल्गुनात पाटाला धरून बसती झाली. प्रत्येक वेळी घरात गूळ वाटला गेला. आजोबांची ती ठमाबाई, बापाची फौजदार, गल्लीची चिमणी. जो तो आपल्या नावानं हाक मारी, आणि ती कुणाच्याच हाकेला वळून बघत नसे.

आधी कुणाच्या ध्यानी आलं नाही. मग शेजारच्या काशीबाई एकदा हळद मागायला आल्या आणि त्यांनी विचारलं, पोरीला ऐकू येतं ना गं? विचारून त्या निघून गेल्या, पण रेवतीच्या काळजात कुसळ रुतलं ते रुतलंच.

त्या दिवसापासून तिनं काय काय करून पाहिलं! पाठीमागून परात आपटली. डबा बडवला. देवघरातली घंटा घणघण वाजवली. लेक आपली अंगठा चोखत खांबाकडे बघत राहिली, शांत, प्रसन्न, आपल्याच राज्यात. समोर चेहरा आला की फुलायची, चेहरा हलला की विसरायची. रेवतीचं काळीज पाणी पाणी झालं. या लेकराला आपली हाक कधीच कळणार नाही का? आपण आई म्हणून आयुष्यभर तिच्या पाठीशीच ओरडत राहणार का? शेवटी एका सकाळी तिनं नवऱ्याला, सदानंदला, सांगितलं. उष्टावण झालं की कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं, असं दोघांनी ठरवलं. तो मान हलवून मागाकडे गेला, आणि त्या सकाळी त्याच्या हातून धागा सारखा तुटत राहिला.

उष्टावणाचा दिवस उजाडला. नातीच्या तोंडी पहिला घास जाणार म्हणून आप्पांनी माग बंद ठेवले. दसरा सोडला तर असं कधी घडलं नव्हतं. दाराला आंब्याचं तोरण, पाटाभोवती रांगोळीची वेल, रुप्याच्या वाटीत केशरपिवळी खीर. लेक मामाच्या मांडीवर, अंगात खणाचं परकर-पोलकं, कपाळावर चंद्रकोरीएवढी तीट.

शांतता पसरली होती. पण ती ऐकली कुणी? माग थांबले, माणसं थांबली नाहीत. सवयीचा गुण! त्या निःशब्द, निस्तरंग घरात सगळी आपली ओरडत होती. आप्पा ओरडले, ठमाबाई, आ कर. बाप ओरडला, फौजदार, इकडं बघ. बायका ओरडल्या, टाळ्या पिटल्या. मामानं सोन्याच्या अंगठीनं खीर चाटवली, लेकीनं जीभ फिरवली, आणि तिची नजर खांबावर जाऊन बसली. रेवतीनं पदराआड डोळे टिपले.

तेवढ्यात दारातून आत्या आली. कुमुद, सदानंदची थोरली बहीण. लग्न होऊन आजऱ्याकडच्या भातखाचरांच्या गावात गेली आणि तिथल्या धुक्यागत हळुवार होऊन बसली. बारशाला लेकीचं नाव तिनंच ठेवलं होतं. रीत अशी, की आत्यानं बाळाच्या कानाशी ओठ नेऊन आधी 'कुर्रर्र' करायचं, मग नाव सांगायचं, आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. शाल्मली हे ते नाव. सावरीचा कापूस म्हणजे शाल्मलीचा. विणकरांच्या घरी शोभेल असं नाव. पण त्या दिवसानंतर ते कुणी उच्चारलंच नव्हतं. एवढं मोठं नाव मागांच्या आवाजात ओरडायचं कुणी?

कुमुद मागून आली, वाकली, भाचीच्या कानाशी पुटपुटली, "कुर्रर्र…"

खिरीची जीभ जागीच थांबली. इवलीशी मान वळली.

घर गप्प झालं. रेवतीला आनंदाची भीती वाटली. ती म्हणाली, "वन्सं, कानाला फुंकर लागली असंल."

"मग तू लांबनं मार हाक," कुमुद म्हणाली. "पण हळू मार. तुमचा आवाज आणि मागाचा आवाज, पोरीला दोन्ही एकच झाल्यात."

रेवती उठली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. लेकीची पाठ तिच्याकडे होती, मानेवरचं मऊ जावळ उन्हात सोनेरी दिसत होतं. तिनं तोंड उघडलं, आणि सवयीनं हाक मोठीच आली. लेक हलली नाही. आप्पांनी डोळे मिटून घेतले. सदानंद भिंतीला टेकला.

गळ्याच्या तळाशी, ऊसमळ्यातल्या पोरीचा जो आवाज रेवतीनं लग्नात मागं टाकला होता, तो ती चाचपू लागली. सापडेना. ओठ थरथरले, श्वास हलला, आणि श्वासाहून जरासं जड असं काहीतरी बाहेर आलं.

"शाल्मली."

अंगणात निंबाचा मोहर गळत होता. लेक वळली. मामाच्या दंडाला धरून, अख्खं अंग फिरवून वळली. आईला शोधलं, आई सापडली, आणि खिरीनं माखलेले ओठ गोल झाले.

"ओ."

सातव्या महिन्यातल्या जिवाला हाक काय नि ओ काय ठाऊक! ओठ गोल झाले, आवाज निघाला, एवढंच. पण हे त्या घरात कुणाला सांगून बघा. आप्पा नाक शिंकरत परसात गेले ते बराच वेळ आलेच नाहीत, आणि सदानंद बहिणीच्या पायाशी मटकन बसला.

रेवती उंबऱ्यावरच बसली, हसत, रडत. तिनं पुन्हा हाक मारली, आणखी हळू. ओ आली. पुन्हा मारली, त्याहूनही हळू, नुसती ओठांवर. पुन्हा ओ आली. माग मुके होते, दारात चैत्र उभा होता. आणि त्या ओरडणाऱ्या माणसांच्या घरात हाक हळू होत गेली, ओ मोठी होत गेली.