घरटी एक मत

"शाळेच्या कमानीवर घडवणारा म्हणून माझं नाव राहील, पिढ्यान्‌पिढ्या," लोहार भाता हलवत म्हणाला.

"अन् कमानीखालनं जाणार कोण? पोरं तर ओढ्याच्या अलीकडंच," लोहारीण म्हणाली. "नाकापेक्षा मोती जड."

पाऊस लागून शाळेच्या वाटेवरचा ओढा भरला की त्यांची पोरगी घरीच बसायची. असंच चाललं तर वर्ष वाया जाईल, असं शाळेतल्या बाईंनी बजावलं होतं.

हे भांडण भट्टीपासनं निघालं ते थेट शाळेत, पालकांच्या सभेत पोचलं. पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून सगळे बसलेले. शाळेची जुनी झाडं विकून बरा पैसा आला होता. त्यातनं कमान बांधायची का ओढ्यावर लोखंडी पूल, ते हात वर करून ठरायचं होतं. अध्यक्ष होता गिरणीवाला, आणि त्याला कमानीचा भारी सोस.

हात मोजले तर दोन्हीकडं सारखेच. लोहाराचा हात कमानीला, लोहारणीचा पुलाला.

"घरटी एकच मत," गिरणीवाला म्हणाला. "बाहेर जा अन् काय ते ठरवून या."

ओढा शाळेच्या मागंच. दोघं काठावर गेली, तशी अख्खी सभा खिडक्यांना लटकली.

"केवढासा ओढा," लोहार म्हणाला. "एक उडी की पलीकडं. पोरगीच भित्री."

"मग मारा की."

एवढ्या लोकांदेखत माघार कशी घ्यायची? लोहारानं विजार वर खोचली, वळूसारखा धावत सुटला, उडाला, आणि मधेच कमरेपर्यंत चिखलात रुतला. चप्पल पाण्याबरोबर गेली. खिडक्यांत हशा उसळला. लोहारीण ओढायला वाकली ती त्याच्यावरच पडली.

ती हसून हसून बेजार. तो मात्र पाण्याकडं बघत होता.

"पोरगी इथं गळ्यापर्यंत जाईल गं," तो हळूच म्हणाला.

"तेच तर कधीचं सांगतेय."

मग त्यालाही हसू आवरेना. एकमेकांना धरत, घसरत, दोघं वर्गात आली. लोहारानं निथळता हात वर केला. "आमच्या घरचं मत पुलाला."

गिरणीवाला खाकरला. "पण कमान म्हणजे शाळेची शोभा असते. मी म्हणतो, पुन्हा एकदा मोजू."

मागच्या बाकावरनं त्याची बायको उठली. पदर खोचत म्हणाली, "चला, आपणही ठरवून येऊ. बाहेर."

गिरणीवाल्यानं खिडकीतनं ओढ्याकडं पाहिलं.

"पूल एकमतानं मंजूर," तो म्हणाला, आणि घाईनं सभा संपवली.