सगळेच दिवस सोमवार

नांदगावला गाडीतून उतरून चारुता जामसंड्यात पोहोचली, तेव्हा तिचे बाबा गुरुदास दुकानाचं शटर वर ढकलत होते. ती रिक्षातून उतरायचं विसरली. ती मे महिन्यात येऊन गेली तेव्हा कंपवातामुळे त्यांचे पाय चालता चालता खिळल्यासारखे थांबायचे. जाळी-दोऱ्यांचं ते दुकान शेजारचा चंदन उघडून द्यायचा. आणि आज ते स्वतः शटरला भिडले होते.

तिला बघून त्यांनी हात वर केला. मनगटावरचं घड्याळ घसरत कोपरापर्यंत गेलं.

"इलंस गो?" गुरुदास म्हणाले. गाल आत गेले होते, गळ्याशी हाडं वर आली होती. शर्टात माणूस शोधावा लागत होता.

"बाबा, ह्या काय झाला?"

"काय झाला? चालतंय मा?" त्यांनी दुकानासमोर दोन फेऱ्या मारून दाखवल्या. "तुझ्या फार्मसी कॉलेजात उपास शिकवतत काय? नसले तर माझ्याकडे शिकवणी लाव."

स्वयंपाकघरात तिची आई जानकी रताळी उकडत होती.

"सोमवारी उपास धरलो की ह्यांचे पाय मोकळे," ती कौतुकाने सांगू लागली. "मंगळवारी बांगड्याची कढी जेवले की परत लाकूड. दर आठवड्याक ताच. मगे आमी सगळेच दिवस सोमवार केलंव."

"कधीपासून?"

"आंबो संपलो तेव्हापासून."

बाहेर नवरात्राची तयारी चालली होती. इतके महिने रताळी, केळी आणि काळा चहा. चारुता पाटावर बसली. निरीक्षण चुकलेलं नव्हतं, हेच भयंकर होतं.

"आई, गोळी कधी देतंस?"

"पयली जेवणाबरोबर देय. आता नुसत्या पाण्याबरोबर. जेवणच नाय तर कशाबरोबर देतलंय?"

"डॉक्टरांनी जेवणाआधी सांगितलेली."

"डॉक्टर सांगतत. उपाशीपोटी गोळी आतडी जाळता, आमच्या घरात कोण घेणत नाय."

चारुताने आईचा हात धरला. "मासे, डाळ, दूध पचला काय त्याचे बारीक तुकडे आतड्यातसून रगतात जातत. ही गोळीय त्याच दारातसून जाता. दारात गर्दी झाली की ती भायर रवता. उपासान काय केल्यान नाय, आई. गोळी एकटी गेली, इतक्याच."

तिने डॉक्टरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"उद्याच घेऊन या," ते म्हणाले. "तोवर गोळी आधी, पाण्याबरोबर. पाऊण तासाने पेज. मासे रात्री, पण रोज हवेतच. प्रमाण मनाने बदलू नका. आणि हा उपास आजच्या आज थांबवा. माणूस हातचा जाईल."

जानकीने गॅस बंद केला. "म्हंजे मीच ह्यांका उपाशी मारी होतंय?"

चारुताने रताळ्यांचं पातेलं उतरवून बाजूला ठेवलं.

दारात येऊन सगळं ऐकणाऱ्या गुरुदासांनी मात्र नकारार्थी मान हलवली. "डॉक्टराक शटर उघडूचा नाय, माका आसा. पेज खाल्लंय आणि पाय अडाकले तर?"

"तर मी उघडीन."

"तू उघडशीत आणि मी खुर्चीत बसान बघीन. तां नको म्हणानच रताळी चावतंय."

"आणि मासे? मासे नको झाले तुमका?" चारुताने विचारलं.

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "शेजारी बांगडो भाजल्याचो वास इलो की मी मागल्या दारी जातंय. हयसर बसवणत नाय."

रात्री त्यांनी ताटाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी पाण्याबरोबर घेतली. पाऊण तासाने जानकीने उकड्या तांदळाची पेज वाढली, वर चमचाभर तूप. ते नुसते बघत राहिले. मग चारुताकडे न बघता त्यांनी थाळी उचलली आणि संपवली. तळवे गुडघ्यांवर ठेवून ते बसून राहिले, पाय कधी लाकूड होतात याची वाट बघत.

बऱ्याच वेळाने ते उठले. दारापर्यंत गेले. उंबरठा ओलांडला, परत ओलांडून आत आले. खाली बसून त्यांनी थाळी पुढे केली.

"वाढ."

दुसरी थाळी त्यांनी तोंडालाच लावली. पेज हनुवटीवरून ओघळत होती, ती त्यांनी बोटाने निपटून चाटली. मग तिसरी. चौथी. घोट गिळण्याचा आवाज तेवढा येत होता. जानकीची पळी तळाला खरवडली, टोप रिकामा झाला, आणि ते अजून थाळी पुढे धरून होते.