एलीचा बर्फ

एलीने आयुष्यभर लंडनच्या खाटकांची कोल्ड स्टोअरेजं दुरुस्त केली आणि म्हातारपणी स्वतःलाच गोठवून घ्यायचं डोक्यात घेतलं. मेल्यावर ताबडतोब अंग थंड करायचं, मग विमानाने अमेरिकेला न्यायचं, तिथे द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवायचं. पुढेमागे विज्ञानाला जमलंच तर उठवतील.

"आणि नाही जमलं तर?" थोरल्या बहिणीने, एस्थरताईंनी, विचारलं.

"तर मी तसाही मेलेलाच आहे की, ताई!"

आता या माणसाशी काय वाद घालणार? पण ताईंना ते मुळीच पटलं नव्हतं. बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, घरांत माणूस गेलं की जमेल तर त्याच दिवशी माती द्यायची, आणि लंडनजवळच्या इल्फर्डमध्ये हे सगळं पाहणाऱ्या मंडळाच्या त्या वीस वर्षं प्रमुख होत्या. रविवार असो की बँक हॉलिडे, डॉक्टरपासून मृत्यूची चौकशी करणाऱ्या सरकारी कोरोनरपर्यंत कुणाला कसं हलवायचं, हे त्यांना तोंडपाठ. आईशेजारची कबरीची जागाही त्यांनी एलीसाठी धरून ठेवली होती. तरी कॅन्सर शेवटाला आल्यावर एली हॉस्पिसमध्ये न जाता त्यांच्याच घरी येऊन पडला.

रविवारी सकाळी अकराला तो गेला.

हॉलमध्ये सगळी तयारी होती. क्रॉयडनची तनिषा, इथेच जन्मलेली इंजिनीअर आणि गोठवणाऱ्या गटाची प्रमुख, दोन स्वयंसेवकांना घेऊन शुक्रवारपासून मुक्काम ठोकून होती. बर्फाच्या पेट्या, टब, रक्त फिरतं ठेवायला छाती दाबायचं मशीन, सगळं मांडलेलं. पण मृत्यू झाला हे कुणीतरी अधिकृतपणे तपासल्याशिवाय बोट लावायची सोय नव्हती, आणि हेल्पलाइनवरच्या बाईंनी नर्स यायला चार तास सांगितले.

"आंटी, चार तास इज टू लाँग," तनिषा रडकुंडीला आली. "आमची डॉक्टर मेडनहेडला अडकली, तिचा कार ब्रेकडाउन झाला. ब्रेन वॉर्म राहिला तर सगळं वेस्ट."

ताई खुर्चीत बसून राहिल्या. काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. चार तासांनी बर्फाचा उपयोग उरला नसता आणि एली मुकाट्याने आईशेजारी गेला असता. कुणी त्यांना नावंही ठेवली नसती. मग त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. हा लबाड इथे का येऊन पडला, ते त्यांना आत्ता कळलं. ताई वेळ चुकू देणार नाही, या एका भरवशावर तो डोळे मिटून निजला होता.

त्यांनी फोन उचलला. "डॉक्टर मुरलीधर, एस्थर बोलतेय. घरचंच माणूस गेलंय."

डॉक्टर पंधरा मिनिटांत आले, बागेतल्या चिखलाच्या बुटांनिशी. वीस वर्षं या बाईच्या एका फोनवर ते असेच येत होते. त्यांनी एलीला नीट तपासलं आणि मग टबाकडे पाहिलं.

"तुमचा यावर विश्वास बसला, एस्थरताई?"

"अजिबात नाही. पण माझ्या घरात माणूस ताटकळत पडणार नाही. घड्याळ बघा आणि लिहा."

पुढच्याच मिनिटाला मशीन सुरू झालं. एली टबात, अंगावर बर्फ. डोकं आधी थंड व्हायला हवं म्हणून दोघं स्वयंसेवक जगने गार पाणी ओतत होते. जग संपला की थांबायचे, भरायचे, पुन्हा ओतायचे. ताईंना ते बघवेना. त्यांच्याकडे मृताच्या शेवटच्या स्नानात एका भांड्याचं पाणी संपण्याआधी दुसऱ्याचं सुरू करतात. धार तुटली तर पहिल्यापासून. पुरुषाला पुरुषांनीच न्हाऊ घालायचं, हा नियम मात्र त्यांनी त्या दिवशी खुशाल गुंडाळून ठेवला आणि पदर खोचला.

"सरका! तीन जग आणा. माझा संपायच्या आत तुझा सुरू झाला पाहिजे. डॉक्टर, उभे काय राहिलात? भरा!"

धार अखंड पडत राहिली. तनिषा तापमानाचे आकडे ओरडत होती: चौतीस, तीस, पंचवीस. तासाच्या आत वीस!

"आंटी, इतका फास्ट आम्ही कधीच नाही केला!" तिने ताईंना मिठीच मारली. ताई रडत होत्या आणि हसतही होत्या. असा आनंद त्यांना कुठल्याच अंत्यविधीत झाला नव्हता.

पण परदेशी न्यायला कोरोनरची परवानगी लागते, आणि रविवारी ती कुणाकडे मागायची हे त्या घरात एकाच बाईला ठाऊक होतं. ताईंनी ओल्या हातानेच नंबर लावला. पलीकडच्या माणसाने सवयीने विचारलं, दफन किती वाजता?

"नाही, दफन नाही," एस्थरताई ताठ मानेने म्हणाल्या. "माझा भाऊ अमेरिकेला चाललाय."