शनिवारची सौना

आमच्या इमारतीत सामाईक सौनाची, म्हणजे वाफेच्या खोलीची, शनिवार संध्याकाळची वेळ मिळायची, तर कुणाला तरी देवाघरी जावं लागतं. गेल्या हिवाळ्यात वरच्या मजल्यावरच्या हिल्काबाई गेल्या, प्रभू त्यांना शांती देवो, आणि ती वेळ फरंगीसच्या वाट्याला आली. तिचे वडील इराणहून आलेले, गुडघे पार धरलेले. वाफेने त्यांना आराम पडतो. पण त्यांना हाताला धरून तळघरात न्यावं लागतं, आणि फरंगीसला कामातून सवड मिळते ती शनिवारीच.

फरंगीस चर्चच्या खोलीत माझ्याकडे फिनिश शिकायला येते. शिकते म्हणजे काय, मी विचारते आणि तिचा फोन भाषांतर करून उत्तर देतो. त्याचं फिनिश माझ्याहून शुद्ध. एकदा मी म्हटलं, "प्रमाणपत्र फोनच्याच नावावर देऊ का?" तिने तेही त्याला ऐकवलं. फोनने माझे आभार मानले. वर्गाबाहेर आमचं बोलणं फारसीतच चालतं, आणि मी तिची खाला, म्हणजे मावशी.

जिन्याखालच्या, सौनाच्या वेळांच्या फळ्यावर तिचं नाव लागलं, त्या दिवशी शेजारचे तौनो पुल्किनेन तिला म्हणाले, "चांगली वेळ मिळाली तुला." पुल्किनेनच्या मानाने हे भाषणच. फरंगीसचे संस्कार जागे झाले. तिच्याकडे इराणात कुणी कशाची स्तुती केली, की 'तुमचंच आहे, घ्या ना' म्हणायचं. समोरच्याने 'छे छे' म्हणायचं. वस्तू जागच्या जागी राहते आणि दोघांचा मान वाढतो. ती फोनशी बोलली. फोनने एक अक्षर न चुकवता सांगितलं, "ती वेळ तुमचीच आहे. कृपा करून घ्या."

पुल्किनेननी विचार केला. "नक्की?"

"नक्की. माझा आग्रह आहे."

"बरं. आभार." ते वर गेले, पेन घेऊन आले आणि फळ्यावरचं नाव बदललं.

फरंगीस डोळे पुसत माझ्या दारात. "खाला, ते 'छे छे' म्हणालेच नाहीत!"

"का म्हणतील गं? तू दिलंस, त्यांनी घेतलं."

"मी कुठे दिलं? नुसतं म्हटलं!"

"हे फोनला माहीत होतं?"

"त्याने तर अगदी बरोबर सांगितलं."

"तेच तर झालं ना, बाई. चल, वेळ परत माग."

पुल्किनेनच्या दारात ती फोनशी बराच वेळ कुजबुजली. मग तिची फारसी अदब शब्दशः फिनिशमध्ये आणून फोन खणखणीत आवाजात म्हणाला, "मी तुमच्यासाठी बळी जाईन. मी तुमच्या पायांची धूळ आहे. त्या क्षुल्लक वेळेचा विषय काढायलाही मला लाज वाटते."

पुल्किनेनचा चेहरा उतरला. ते मला हळूच म्हणाले, "हिला डॉक्टरकडे न्यायचं का?"

"बरी आहे ती."

"क्षुल्लक आहे तर मग विषय कशाला?" ते दार लोटू लागले.

"फरंगीस," मी म्हटलं, "बाबांचे गुडघे."

तिने फोन खिशात टाकला. कानापर्यंत लाल होत, स्वतःच्या मोडक्या फिनिशमध्ये म्हणाली, "वेळ माझी. मला पाहिजे. बाबा गुडघे दुखतो."

"मग वेळ वाटत कशाला सुटली होतीस?" असं म्हणत पुल्किनेन पेन आणायला आत गेले. राग नाही, लोभ नाही.

फळ्यावर नाव पुन्हा लिहून झालं. आम्ही तिघं वर आलो. फरंगीसचा चेहरा मात्र चोरी केल्यासारखा. "किती उद्धट बोलले मी, खाला! निदान एवढं तरी म्हणू दे, की हवी असली तर राहू द्या..."

तिचा हात खिशाकडे गेला. मी तो धरला, आणि पुल्किनेनच्या दाराला आतून कडी लागेपर्यंत सोडला नाही.