चहाचा कप

डॉक्टर अनुश्री पुण्याची. कनेरगाव नाक्याजवळच्या आरोग्य केंद्रात येऊन तिला वर्ष होत आलं होतं. मध्यंतरी हिंगोलीला डॉक्टरांचं एक प्रशिक्षण झालं: रुग्णांच्या चालीरीतींचा मान कसा राखावा. पडद्यावर चित्रं, मध्ये समोसे, शेवटी प्रमाणपत्र. त्यात सांगितलं होतं, गरिबाच्या घरी गेलात तर चहापाणी घेऊन त्याला खर्चात पाडू नका, हात जोडून नको म्हणा. अनुश्रीने खूणगाठ बांधली. पोरगी गुणाची, पण गुणी माणसांना पाठ केलेलं भारी आवडतं!

भीमनगरातल्या लक्ष्मीबाईंची सून पल्लवी आठव्या महिन्यात होती. ब्लडप्रेशर चढलेलं, पाय सुजलेले. हिंगोलीच्या मोठ्या दवाखान्यात तिला दाखल केलं नाही, तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका होता. अनुश्री दोनदा घरी जाऊन हे समजावून आली. दोन्ही वेळा लक्ष्मीबाईंनी चहा पुढे केला, दोन्ही वेळा तिने हसून हात जोडले. आणि दोन्ही वेळा लक्ष्मीबाई म्हणाल्या, "बघू."

पुढच्या खेपेला पल्लवीचं डोकं ठणकत होतं. अनुश्रीचा धीर सुटला.

"मावशी, पाठवत काहून नाही तिला?"

"राग नका मानू, बाई," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "माझ्या सासूला लोक लांबून, वरून ओंजळीत पानी वाढायचे. तुमी घरात येता, गोड बोलता, पन आमच्या कपाला हात न्हाई लावत. मंग तिथं हिंगोलीत माझ्या लेकराला कोन हात लावंल?"

प्रशिक्षणात असं सांगितलं होतं, हे सांगायला अनुश्रीने तोंड उघडलं आणि तिचं तिलाच ते पोकळ वाटलं. डोळे भरून आले. ती सरळ चुलीपाशी जाऊन बसली.

"चुकलं माझं, मावशी. चहा द्या."

चहा गुळाचा होता, ओठाला ओठ चिकटावा इतका गोड. एरवी बिनसाखरेचा पिणारी अनुश्री बशीत ओतून सगळा प्यायली.

"आनखी घेता?"

"घेते की."

लक्ष्मीबाईंनी दुसरा कप भरून दिला आणि पदराला हात पुसत त्या सुनेची पिशवी भरायला उठल्या.

अॅम्ब्युलन्समधून अनुश्रीही हिंगोलीला गेली. तिथले डॉक्टर शौनक घाईघाईने पल्लवीपाशी आले. त्यांनी तिचा हात धरण्याआधीच लक्ष्मीबाई मध्ये उभ्या राहिल्या. घरून आणलेल्या तांब्यातलं पाणी त्यांनी पेल्यात ओतून पुढे केलं.

"नको आजी, आत्ताच प्यायलोय," शौनक म्हणाले.

लक्ष्मीबाईंचा चेहरा उतरला. पल्लवीने हात पदराखाली ओढून घेतला.

"सर," अनुश्री मागून म्हणाली, "आधी पाणी प्या."

शौनकनी एकदा तिच्याकडे पाहिलं, पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"दे पोरी, हात दे त्यायला," लक्ष्मीबाई सुनेला म्हणाल्या. "बराबर बघतील हे."